पार्ल्यातील इंग्रजीचा वर्ग

लेखक जन्मावा लागतो, तो घडविता येत नाही, असे आपल्याकडील सुशिक्षित घरांतून अजूनही म्हटले जाते. आणि मुलाने अगर मुलीने इंग्रजी वाङ्मय घेऊन बी. ए. होण्याचा मनोदय बोलून दाखविला, की त्याच घरांतून ‘पुढे काय?’ असा उद्गार निघतो. मुंबईच्या उपनगरांत इंग्रजी शिकविण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्या आम्हांस हे दोन्ही उद्गार चांगलेच परिचयाचे आहेत. त्यांत तथ्य किती, हे इतिहासासच विचारलेले बरे.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. १८६२ साली रानडे, भांडारकर, वागळे व मोडक हे त्याचे पहिले चार पदवीधर बाहेर पडले. तेव्हापासून इंग्रजी ग्रंथांची गोडी आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांस लागली खरी. परंतु विद्यार्थ्याने दुसऱ्याच्या लेखनाचा अर्थ सांगावा, गुणदोष दाखवावेत, एवढीच परीक्षेची अपेक्षा. त्याने स्वतः काही लिहावे, असे कोणतीच प्रश्नपत्रिका म्हणत नसे. सुनीत हा इंग्रजी काव्यप्रकार मराठीत रुजविला तो केशवसुतांनी. आणि केशवसुतांचे शिक्षण तर मॅट्रिकच्या पुढे गेले नव्हते! इंग्रजी काव्यापासून लिहिण्याची प्रेरणा मिळणे आणि इंग्रजीची पदवी मिळणे, या दोन गोष्टी आरंभापासून अशा भिन्न राहिल्या.

पुढे उच्च शिक्षण कोटाबाहेर पडून उपनगरांत आले. जोगेश्वरीस १९३० साली इस्माइल युसूफ कॉलेज निघाले, अंधेरीस १९४६ साली भवन्स कॉलेज, आणि १९६१ साली विलेपार्ल्यास मिठीबाई कॉलेज. या शेवटच्या कॉलेजातील इंग्रजी विभागाचे प्रमुखपद १९६१ पासून १९७२ पर्यंत कवी निसिम इझिकेल यांजकडे होते. त्यांचा ‘अ टाइम टु चेंज’ हा पहिला संग्रह १९५२ सालीच प्रसिद्ध झालेला होता. ज्याने स्वतः कविता लिहून, खोडून, पुन्हा लिहिली आहे, असा मनुष्य पार्ल्याच्या वर्गात उभा राहिला, ही गोष्ट आम्हांस महत्त्वाची वाटते.

इझिकेल यांची खरी लेखनशाळा मात्र अभ्यासक्रमाबाहेर भरे. नवोदितांची हस्तलिखिते वाचून स्पष्ट मत देण्याबद्दल त्यांची ख्याती होती. व्यवसायाने डॉक्टर असलेल्या गीव्ह पटेल यांचा पहिला काव्यसंग्रह १९६६ साली त्यांनीच प्रसिद्ध केला. इझिकेल जन्माने बेने इस्राएल; त्या समाजाची परंपरागत बोली मराठी. तेव्हा जन्मभर इंग्रजीत लिहिणाऱ्या या कवीने वृंदा नाबर यांच्यासह इंदिरा संतांच्या कविता इंग्रजीत नेल्या आणि १९७४ साली त्यांचे पुस्तक केले, यात आम्हांस नवल वाटत नाही.

उलट दिशेनेही हाच व्यवहार चालू होता. इंग्रजीचे प्राध्यापक विंदा करंदीकर यांनी ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र, ‘फाउस्ट’ आणि ‘राजा लिअर’ मराठीत आणले. ‘कोसला’कार भालचंद्र नेमाडे हेही इंग्रजीचेच अध्यापक. २०१४ सालापर्यंत मराठीस जे चार ज्ञानपीठ पुरस्कार लाभले, त्यांपैकी दोन या दोघांचे आहेत. ‘पुढे काय?’ या प्रश्नास हे संपूर्ण उत्तर नव्हे, हे आम्ही जाणतो. पोटाचा प्रश्न पुरस्कारांनी सुटत नाही. परंतु इंग्रजीचा अभ्यास मुलास घरच्या भाषेपासून तोडतोच, ही भीती तरी त्याने निराधार ठरावी.

अमेरिकेत आयोवा विद्यापीठाने १९३६ साली लेखनाची कार्यशाळा उघडली, इंग्लंडात ईस्ट अँग्लिया विद्यापीठाने १९७० साली असाच वर्ग काढला. आपल्याकडेही असे वर्ग निघावेत, असे आम्हांस मनापासून वाटते. मात्र केवळ नाव बदलून तेच टिपण उतरवून देणे चालू राहिले, तर काय साधणार? प्रतिभा कोणी देऊ शकत नाही, हे खरे. पण पहिली कच्ची कविता पेन्सिल हाती घेऊन वाचणारा वाचक देता येतो, आणि आपल्या भाषेतील चार ओळी दुसऱ्या भाषेत नेताना शब्दाचे वजन कसे जोखावे, हेही शिकविता येते.

आम्ही स्वतः वर्षानुवर्षे वर्गात टिपणेच सांगत आलो. इतक्या वर्षांत एकाही विद्यार्थ्यास, ‘तुझ्या स्वतःच्या चार ओळी लिहून आण,’ असे म्हटल्याचे आम्हांस स्मरत नाही. या उणिवेचा दोष विद्यापीठावर टाकणे सोपे आहे. तो आमचा आहे. निवृत्तीस अद्याप काही वर्षे आहेत. तेवढ्या अवधीत तरी ही चूक सुधारावी, असा आमचा संकल्प आहे.