शोकांतून उभा राहिलेला निधि

दिवंगत आप्ताचें नांव मागें राहावें म्हणून घाट बांधावा, धर्मशाळा उभारावी किंवा शाळेंत एखादें पारितोषिक ठेवावें, ही चाल आपल्याकडे जुनी आहे. ज्या रोगानें आप्त नेला त्या रोगाच्या संशोधनास द्रव्य द्यावें, ही कल्पना मात्र त्या मानानें अर्वाचीन होय. ल्युकेमिया म्हणजे रक्ताचा कर्करोग. त्याच्या इतिहासांत या कल्पनेनें काय घडविलें, हें पाहण्यासारखें आहे.

मुंबईच्या लेडी मेहेरबाई टाटा १९३१ सालीं याच रोगानें वारल्या. पुढच्याच वर्षीं सर दोराबजी टाटा यांनीं पत्नीच्या स्मरणार्थ एक न्यास स्थापिला व त्याच्या उत्पन्नाचा मोठा भाग देशोदेशींच्या ल्युकेमिया-संशोधनास लावून दिला. रोग बरा करील असें औषध त्या वेळीं कोठेंच नव्हतें. परंतु एवढें दातृत्व धनिकासच शक्य. सामान्य गृहस्थानें काय करावें, हा प्रश्न उरतोच.

त्याचें एक उत्तर अमेरिकेंतील बोस्टन शहरानें दिलें. तेथील डॉ. सिडनी फार्बर यांनीं १९४७-४८ मध्यें ल्युकेमिया झालेल्या मुलांस अमिनोप्टेरिन हें औषध देऊन पाहिलें. भारतीय शास्त्रज्ञ यल्लाप्रगड सुब्बाराव ज्या संस्थेच्या संशोधनाचे प्रमुख होते, तेथूनच तें आलें होतें. सोळांपैकीं दहा मुलांचा रोग हटला, पण कांहीं काळापुरताच. तथापि रोग हटूं शकतो, एवढें सिद्ध झालें. मे १९४८ मध्यें ‘जिमी’ या कल्पित नांवानें एका कर्करोगग्रस्त बारा वर्षांच्या मुलाचें संभाषण रेडिओवरून ऐकविण्यांत आलें, आणि त्या वर्षीं २,३१,००० डॉलरांहून अधिक निधि लोकांनीं जमवून दिला. तो मुलगा वांचला व १९९८ सालीं आपल्या खऱ्या नांवानें लोकांसमोर आला.

इंग्लंडच्या ईशान्येचें मिडल्सबरो हें त्या काळीं पोलादाच्या कारखान्यांचें गांव होतें. तेथील ईस्टवुड कुटुंबांतील सुसान ही सहा वर्षांची मुलगी १९६० सालीं ल्युकेमियानें मरण पावली. तिच्या आईबापांनीं संशोधनासाठीं वर्गणी गोळा करण्यास आरंभ केला आणि त्यांतूनच ‘ल्युकेमिया रिसर्च फंड’ ही संस्था जन्मास आली. आज ती ‘ब्लड कॅन्सर यूके’ या नांवानें ओळखली जाते. टाटांपाशीं संपत्ति होती. या कुटुंबापाशीं दुःख होतें आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांचा लोभ होता.

येथें कोणी म्हणेल कीं, डोळ्यांदेखत तळमळणाऱ्या रोग्यास साहाय्य करण्याऐवजीं अनिश्चित शोधासाठीं पैसा कां खर्चावा? शंका रास्त आहे. शुश्रूषेचें फळ तात्काळ दिसतें. संशोधनाचें फळ कोणास मिळेल हें देणाऱ्यास ठाऊक नसतें. सुसानच्या आईबापांस एवढेंच ठाऊक होतें कीं, तें आपल्या मुलीस मिळणार नाहीं. म्हणूनच हें दान मला विशेष थोर वाटतें. त्यांत परतफेडीची आशाच नाहीं.

या यशाचें श्रेय एकाच निधीस देणें योग्य होणार नाहीं. अनेक देशांतील डॉक्टर, रुग्ण व दाते यांचा त्यांत वांटा आहे. पण फळ दिसत आहे. १९६० च्या सुमारास ल्युकेमिया झालेलें मूल क्वचितच जगे. आज त्याचा मुलांत सर्वाधिक आढळणारा प्रकार संपन्न देशांत दहांपैकीं सुमारें नऊ मुलांत बरा होतो. आपल्या देशांत अद्याप तशी स्थिति नाहीं. कोठें निदानास उशीर होतो, कोठें प्रवासास व दीर्घ उपचारास पैसा पुरत नाहीं, आणि उपचार अर्धवट सुटतो. एके काळीं औषधच नव्हतें, म्हणून लोकांनीं शोधासाठीं वर्गणी दिली. आज औषध आहे. तें सर्व मुलांच्या हातीं पडावें म्हणून वर्गणी देण्याची पाळी आपली आहे.