द्रोणागिरीची वाट

पावसाळा ओसरू लागला, म्हणजे उरणच्या द्रोणागिरीवर चढून जावे, असे आम्ही पुष्कळांस सांगत असतो. मात्र तेथे किल्ला पाहावयास मिळेल असे सांगून कोणास नेऊ नये. किल्ला असा तेथे फार थोडा उरला आहे. वाट मात्र अद्याप पुरती शाबूत आहे आणि आमच्या मते खरा इतिहास तिच्याच कडेने विखुरलेला आहे.

डाऊरनगरच्या बाजूने चढावयास आरंभ केला की काही वेळ एका ओहोळाची सोबत लाभते. ओहोळ म्हटला तरी तो चार महिन्यांचा धनी. दिवाळीनंतर त्याच्या जागी नुसते धोंडे दिसतात. परंतु भाद्रपदात त्याचा रुबाब काही निराळाच असतो. दोहों काठांस तेरड्याचे गुलाबी ताटवे, मधूनच झुडपांवर चढलेली कळलावी, आणि मोकळ्या उतारावर कुर्डूचे तुरे. हनुमंत द्रोणगिरी घेऊन जात असता त्याचा एक तुकडा येथे पडला, अशी कथा या भागात सांगतात. कथेचा खरेखोटेपणा पाहण्याचे आम्हांस कारण नाही. डोंगरावरील वनस्पतींची विपुलता पाहून ज्याने ती प्रथम रचली, तो डोळस होता एवढे खास.

माथ्याजवळ भिंती दिसू लागतात. पाण्याचे टाके आहे, तटाचे तुकडे आहेत आणि पोर्तुगीजांनी उभारलेल्या चर्चचे अवशेष आहेत. नोस्सा सेन्होरा दा पेन्या, म्हणजे खडकावरील माउली, असे त्या देवालयाचे नाव होते. सोळाव्या शतकात वसईकडील मुलखाबरोबर हे करंजा बेटही पोर्तुगीजांकडे गेले. १७३९ साली मानाजी आंग्र्यांनी उरण घेतले. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी साष्टीबरोबर करंजाही बळकावले, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ते त्यांचेच ठरले. शाळेतील पुस्तकाप्रमाणे लिहावयाचे तर उरणचा इतिहास येथे संपला असे म्हणावे लागेल.

अमेरिकेत डोंगरातील ओढ्यांच्या काठी पहिल्या वसाहतवाल्यांच्या मोडक्या झोपड्या जपून ठेवितात आणि प्रवासी त्या मोठ्या आदराने पाहतात. त्या आदरात एक मौज असते: झोपडीपूर्वी तेथे कोणी राहतच नव्हते, असे पाहणारा नकळत धरून चालतो. द्रोणागिरीच्या भिंतींपाशी उभे राहून आपणही तसेच करतो. ‘हा पोर्तुगीजांचा किल्ला’ असे म्हटले की जणू बेटावर पहिले पाऊल त्यांचेच पडले!

वास्तविक याच डोंगराच्या आसमंतात, चाणजे व रानवड या गावी, शिलाहारांचे शिलालेख सापडले आहेत. चाणजे येथील एक लेख अपरादित्याचा, शके १०६० चा. दुसरा उत्तर कोकणच्या शेवटच्या शिलाहार राजाचा, सोमेश्वराचा, शके ११८२ चा, म्हणजे इसवी सन १२६० चा. या दुसऱ्या लेखात उरणमधील एका बागेचे १६२ द्रम्मांचे ठरीव उत्पन्न ठाण्याच्या उत्तरेश्वर महादेवास दिल्याची नोंद आहे. पोर्तुगीज जहाजे या किनाऱ्यास लागण्याच्या अडीचशे वर्षे आधी येथे बागा होत्या, त्यांचे उत्पन्न ठरलेले होते आणि ते बेटाबाहेर नेणारेही होते!

या लेखाने आम्हांस जितका आनंद दिला, तितकेच बेचैनही केले. बाग देणारा राजा कळतो, घेणारा देव कळतो, द्रम्मांचा आकडाही कळतो. बाग शिंपणाऱ्याचे नाव मात्र कळत नाही. चर्चचेही तेच. त्याचे नाव लिस्बनकडील भाषेत टिकले. चिरे माथ्यावर चढविणारे खांदे कोणाचे, हे कोठे लिहिले नाही. आगरी, कोळी, कराडी यांची पिढ्यान्‌पिढ्यांची वस्ती या खाडीकाठी. मीठ पिकवावे, खाजणे बांधून भात लावावे, मासळी धरावी, हा त्यांचा उद्योग. वरचे धनी बदलत गेले, खालचा उद्योग चालू राहिला. त्याचा शिलालेख कोण कोरणार?

ही केवळ जुनी गोष्ट असती तर आम्ही इतके लिहिले नसते. १९७० मध्ये नव्या मुंबईकरिता ठाणे, पनवेल व उरण या भागांतील ९५ गावांच्या जमिनी घेण्याचे ठरले. पिढीजात कसवणूक हाच ज्यांचा दस्तऐवज, त्यांस जमिनीचे मोल काय मिळावे, हा वाद दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली रस्त्यावर आला, आणि १९८४ च्या जानेवारीत जासईच्या परिसरात झालेल्या गोळीबारात पाच शेतकरी ठार झाले. पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना निघाली, ती या आंदोलनामुळे. उरणच्या इतिहासात कसणाऱ्याचा हिशेब कागदावर आला तो असा, प्राणांचे मोल देऊन.

माथ्यावरून हे सारे एका दृष्टिक्षेपात येते. एका अंगास घारापुरी व मुंबईचे बंदर, पायथ्याशी तेलवायूचा प्रचंड कारखाना, पलीकडे न्हावाशेव्याच्या उंच याऱ्या, आणि त्यांच्या मधून मिठागरांचे उरलेसुरले चौकोन. डोंगराचे नाव एका नव्या वसाहतीस दिले आहे. २०२४ मध्ये त्याच नावाचे रेल्वे स्थानकही सुरू झाले. तेथे उतरून ‘डोंगर कोठे?’ असे विचारणारा प्रवासी आम्हांस भेटला आहे.

उतरताना आम्ही करंजाकडची वाट धरली. खाली द्रोणागिरी देवीचे देऊळ आहे. देवळापाशी एक कोळीण आजी सावलीत बसली होती. वरच्या भिंती कोणाच्या, असे तिला सहज विचारले. ‘देवीच्या’, ती म्हणाली, आणि आमच्या हातातील तेरड्याची फुले मागून घेऊन तिने ती उंबऱ्यावर ठेविली.