घोंगड्याचे सूत आणि स्वेटरची लोकर

मराठीत ‘विणणे’ हे क्रियापद मोठे उदार आहे. विणकर मागावर कापड विणतो, बुरूड टोपली विणतो, सुगरण पक्षी घरटे विणतो आणि बाळाच्या आगमनाची चाहूल लागली की घरातली आजी दोन सुया घेऊन स्वेटर विणावयास बसते. वास्तविक पाहता मागावरचे विणकाम आणि सुयांवरचे विणकाम या दोन भिन्न कला होत. मागावर उभे आणि आडवे असे दोन धागे एकमेकांत गुंततात. सुयांवर एकच अखंड धागा स्वतःभोवती फिरत फिरत वस्त्र होतो. परंतु दोन्ही कलांच्या उंबरठ्यावर प्रश्न मात्र एकच उभा असतो : सूत कोणते घ्यावे? आज दुकानात जाऊन रंग पाहिला, हात फिरवून मऊपणा पाहिला की हा प्रश्न सुटला असे आपण मानतो. तो इतका सोपा नाही, आणि पूर्वी तो इतक्या सहजपणे सोडविला जात नसे, हे पुणे जिल्ह्यातील भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांच्या उदाहरणावरून दाखवावे, असा आमचा या लेखात मानस आहे.

भोर आणि वेल्हे हा बारा मावळांपैकी काही मावळांचा मुलूख. हिरडस मावळ, गुंजण मावळ, कानद खोरे, वेळवंड खोरे, रोहिड खोरे ही नावे शिवचरित्र वाचणाऱ्या प्रत्येकाच्या परिचयाची आहेत. राजगड आणि तोरणा हे दोन्ही किल्ले वेल्ह्यात येतात. त्या तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला. लोकांच्या तोंडी मात्र वेल्हे हे नाव रुळलेले आहे. भोर येथे पंतसचिवांचे संस्थान होते, ते १९४८ मध्ये विलीन झाले. नीरा, वेळवंडी, गुंजवणी आणि कानंदी या नद्यांची ही खोरी पश्चिमेकडे सह्याद्रीच्या माथ्याला भिडतात. माथ्यावर पाऊस अक्षरशः कोसळतो. पूर्वेकडे नसरापूरच्या दिशेने उतरू लागले की तो झपाट्याने कमी होत जातो.

अशा मुलखात भाताची लावणी भर पावसातच करावी लागते आणि गुरेही पावसातच राखावी लागतात. पाऊस थांबण्याची वाट पाहिली तर वर्षाचे पोट हातचे जाते. म्हणून मावळच्या माणसाला असे वस्त्र हवे होते की जे भिजले तरी अंगाची ऊब राखील. लावणी करणाऱ्या बायांच्या पाठीवर पानांचे इरले असे आणि गुराख्याच्या डोक्यावर घोंगड्याची खोळ. घोंगडे एका बाजूने दुमडून त्याची टोकदार खोळ करावी, ती डोक्यावरून पाठीवर सोडावी आणि दिवसभर रानात उभे राहावे, असा शिरस्ता होता. तेच घोंगडे रात्री पांघरूण होई, पाहुणा आला की बैठक होई आणि सुगीत धान्य वाळविण्यासाठी अंगणात अंथरले जाई.

आता येथे एक विलक्षण गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. ज्या मुलखाला लोकरीची एवढी गरज, त्या मुलखात मेंढी टिकत नाही. दख्खनी मेंढी ही कोरड्या माळरानाची लेक. सततच्या ओलीने तिचे खूर कुजतात, जंतांचा उपद्रव होतो आणि कळप खंगतो. म्हणूनच सह्याद्रीच्या माथ्यावर राहणारे गवळी धनगर गाई-म्हशी पाळतात, मेंढ्या नव्हेत. मेंढ्यांचे धनगर पूर्वेकडचे : पुरंदर, बारामती, फलटण या कमी पावसाच्या भागांतले. पावसाळा ते आपल्या माळावर काढतात आणि पावसाळा सरला की त्यांतील अनेक वाडे घाट उतरून कोकणाकडे चालू लागतात. भोरहून महाडकडे उतरणारा वरंध घाट ही अशीच एक वाट. वाटेत शेतकऱ्याच्या रानात मेंढ्या बसवाव्यात, लेंड्यांचे खत शेताला द्यावे आणि त्याच्या बदल्यात धान्य किंवा पैसे घ्यावेत, हा व्यवहार पिढ्यान् पिढ्या चालत आला. म्हणजे मावळातील गुराख्याच्या डोक्यावरची खोळ ही कोरड्या मुलखाने ओल्या मुलखाला दिलेली देणगी होती. एका घोंगड्यात दोन हवामाने आणि दोन समाज एकत्र विणले जात.

या घोंगड्यासाठी लोकर निवडताना कोणते निकष असत? पहिला निकष मेंढीच्या वयाचा. कोकराची पहिली कातरण ती ‘जावळाची’ लोकर. तान्ह्या बाळाच्या पहिल्या केसांसाठी आपण जो शब्द वापरतो तोच येथे वापरला जातो. ही लोकर मऊ. तिचे घोंगडे मानाचे आणि महाग. मोठ्या मेंढीची लोकर राठ. ती रोजच्या वापराच्या, पावसात भिजणाऱ्या आणि जमिनीवर अंथरल्या जाणाऱ्या घोंगड्यासाठी. दुसरा निकष रंगाचा. दख्खनी मेंढी बहुधा काळी. काही पांढरी, करडी किंवा तपकिरी. या नैसर्गिक रंगांच्या पट्ट्या जुळवूनच काठ काढीत. जो रंग चढविलेलाच नाही तो पावसात उतरण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. तिसरा निकष पिळाचा. उभ्या धाग्यावर मागाचा ताण येतो, म्हणून तो घट्ट पिळाचा हवा. आडवा धागा थोडा सैल चालतो, कारण ऊब धरून ठेवणे हे त्याचे काम.

मेंढ्या वर्षातून साधारणतः दोनदा कातरल्या जात. लोकर पिंजून बायका चरख्यावर तिचे सूत काढीत. उभ्या सुताला चिंचोक्याची खळ लावून ते ताठ करीत, म्हणजे मागावर ते तुटत नसे. मग सणगर किंवा खुटेकर धनगर खड्ड्याच्या मागावर बसून घोंगडे विणीत. या साखळीत कोठेही तराजूने मोजलेला ‘दर्जा’ नव्हता. पण वापरणारा कोण, तो हे घोंगडे कोठे नेणार, पावसात की देवघरात, हे विणणाऱ्याला ठाऊक असे आणि सूत त्याप्रमाणे निवडले जाई.

आजचे शास्त्र या निवडीला पुष्टीच देते. लोकरीचा तंतू आपल्या वजनाच्या सुमारे तीस टक्क्यांपर्यंत ओलावा पोटात घेऊ शकतो, आणि तरीही अंगाला फारसा ओला लागत नाही. ओलावा शोषताना तो थोडी उष्णताही बाहेर टाकतो. मेंढीच्या अंगचा नैसर्गिक स्निग्धांश लोकरीत शिल्लक असेल तर पाणी काही काळ वरच्या वर ओघळते. शिवाय लोकरीच्या केसावर सूक्ष्म खवले असतात. ओल, ऊब आणि घर्षण मिळाले की ते एकमेकांत अडकतात. त्यामुळे घोंगडे वापरता वापरता दाट होत जाते. ऑस्ट्रेलियातील मेरिनो मेंढीचा केस सुमारे वीस मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतका बारीक असतो. दख्खनी मेंढीचा केस त्याहून कितीतरी जाड. तो अंगाला टोचतो हे खरे, पण खडकावर घासला तरी झिजत नाही. अर्थात या गुणाला एक दोषही चिकटलेला आहे. एकदा पुरते भिजलेले घोंगडे लवकर वाळत नाही. अडून राहिलेल्या कामाला आपण ‘भिजत घोंगडे’ म्हणतो, तो वाक्प्रचार पावसाळ्यात घोंगडे वाळविण्याचा अनुभव घेतलेल्या लोकांनीच भाषेला दिला असावा.

आपल्या ख्रिस्ती परंपरेलाही सुताची निवड परकी नाही. नीतिसूत्रांच्या शेवटच्या अध्यायात सद्गुणी स्त्रीचे वर्णन आहे; तिच्या कामाचा प्रारंभ विणण्यापासून होत नाही, लोकर व ताग धुंडाळण्यापासून होतो. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात या दोन तंतूंचे मिश्र वस्त्र निषिद्ध ठरविले आहे. योहानाच्या शुभवर्तमानात प्रभू येशूचा अंगरखा बिनशिवणीचा, वरपासून खालपर्यंत अखंड विणलेला होता असे सांगितले आहे. म्हणूनच शिपायांनी तो न फाडता त्यावर चिठ्ठ्या टाकल्या. जर्मनीतील बुक्स्टेहुडे येथील एका वेदीचित्रात, जे इ. स. १४०० च्या सुमाराचे मानले जाते, पवित्र मरिया चार सुयांवर असाच बिनशिवणीचा सदरा विणताना दाखविली आहे. शेजारी बाळ येशू आणि समोर क्रूस व भाला घेतलेले देवदूत आहेत. आईच्या हातातील अखंड धागा आणि मुलाचे भावी दुःख चित्रकाराने एकाच चौकटीत आणले. सुयांवरील विणकामाचे युरोपातील हे एक प्राचीन चित्र होय.

रोममध्ये संत आग्नेसच्या सणाच्या दिवशी, म्हणजे २१ जानेवारीला, कोकरांना आशीर्वाद देण्याची परंपरा आहे. कोकरांच्या पांढऱ्या लोकरीपासून विणलेली ‘पॅलियम’ नावाची पट्टी आर्चबिशपांच्या खांद्यावर येते. खांद्यावर मेंढरू घेणाऱ्या उत्तम मेंढपाळाची ती खूण होय. येथे रेशीम किंवा जर शोभली नसती. सूत लोकरीचेच हवे, कारण अर्थ सुतातच आहे.

महाराष्ट्रात सुयांवरचे विणकाम रुजविण्यात मिशनरी शाळांचा आणि धर्मभगिनींचा मोठा वाटा आहे. जीझस अँड मेरी संस्थेच्या भगिनी १८४२ मध्ये भारतात आल्या आणि १८६० मध्ये त्यांनी पुण्यात शाळा सुरू केली. त्यांच्या संस्थापिका संत क्लॉडिन थेव्हने या फ्रान्समधील ल्योन या रेशमाच्या शहरातल्या. त्यांनी निराधार मुलींना रेशीम विणावयास शिकवून स्वतःच्या पायांवर उभे केले. १९९३ मध्ये ख्रिस्तसभेने त्यांना संतपद दिले. त्या काळच्या कॉन्व्हेंट शाळांतून शिवणकाम आणि विणकाम हा शिक्षणाचाच भाग असे. पुढे सुलट-उलट टाक्यांची ही विद्या धर्माच्या नि जातीच्या सीमा ओलांडून मराठी घराघरांत पोहोचली.

परंतु एक दुवा तेव्हाच निखळला. सुयांवर विणण्यासाठी जी मऊ लोकर लागे ती गिरणीतून आणि परदेशातून येई. शेजारच्या माळावरची काळी लोकर या नव्या कलेच्या परडीत कधी पडलीच नाही. अंगालगतच्या स्वेटरसाठी ती राठ होती, हे कारण रास्तच. पुढे १९५० च्या सुमारास अमेरिकेत ऍक्रिलिक धागा बाजारात आला आणि काही दशकांत आपल्याकडेही त्याने लोकरीची जागा घेतली. तो स्वस्त, रंगीत, धुण्यास सोपा. कसर लागत नाही. दुकानात त्यालाही आपण ‘लोकर’च म्हणतो. आमच्या मते खरी फसगत या नावात आहे. ऍक्रिलिक ओलावा जेमतेम दोन टक्के शोषतो आणि ज्वाला लागली तर वितळून अंगाला चिकटतो. लोकर सहसा भडकत नाही. काळी पडून विझते. चुलीजवळ किंवा मेणबत्तीजवळ वावरणाऱ्या लहान मुलांच्या बाबतीत हा फरक क्षुल्लक नाही.

इकडे मावळात घोंगड्याच्या खोळीची जागा प्लॅस्टिकच्या कागदाने घेतली. पूर्वेकडे मेंढपाळाला कातरणीचा खर्चही लोकरीतून सुटेनासा झाला. अनेक ठिकाणी कातरलेली लोकर रानातच टाकून दिली जाते. मांसासाठी वजनदार, कमी लोकरीच्या माडग्याळ जातीकडे कळप वळत आहेत. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात दख्खनी मेंढीच्या सुधारणेचे काम झाले आहे. पण घेणारा हातच नसेल तर लोकर कितीही सुधारली तरी ती कोणासाठी? शतकानुशतके दोन मुलखांना जोडणारा धागा असा दोन्ही टोकांनी उसवत चालला आहे.

मग आपण काय करावे? सर्वांनी पुन्हा घोंगडी पांघरावीत असे आम्ही म्हणणार नाही. परंतु सूत निवडताना मावळचा जुना प्रश्न जरूर विचारावा : हे कोण वापरणार, कोठे आणि कसे? नवजात बाळासाठी बारीक, न टोचणारी मेरिनो लोकर किंवा चांगले सुती सूत घ्यावे; केसाळ सूत टाळावे, कारण ते बाळाच्या तोंडात जाते. वसई-मुंबईच्या दमट हवेत सुती सूत बरे. पुणे, नाशिक किंवा अहिल्यानगरच्या हिवाळ्यासाठी लोकरीचे. वेष्टनावर ‘लोकर’ म्हणजे खरोखर किती टक्के लोकर, ते वाचावे. एका कपड्याचे सर्व गुंडे एकाच रंगखेपेचे, म्हणजे एकाच लॉट नंबरचे घ्यावेत. नाही तर बाहीचा रंग पाठीशी जुळत नाही. आधी हातभर चौकोन विणून, धुऊन, वाळवून पाहावा, म्हणजे सूत आटते की सैलावते ते कळते.

आणि जेथे सुताने अंगाला स्पर्श करावयाचा नाही, तेथे दख्खनी लोकरीला अवश्य जागा द्यावी. प्रार्थनेच्या वेळी गुडघ्यांखाली घ्यावयाची चटई, पिशवी, बैठक, वृद्धांच्या पलंगाजवळचे अंथरूण यांसाठी तिच्यासारखे टिकाऊ सूत मिळणे कठीण. धर्मग्रामांतील महिला मंडळे विणकामाचे वर्ग चालवितात, तेथे हे सहज करता येण्यासारखे आहे. दरवर्षी नाताळात आपण गोठा उभारतो आणि त्यात मेंढपाळ मांडतो. तारणाची वार्ता प्रथम त्यांना मिळाली, हे आपण मुलांना सांगतो. ते मेंढपाळ आपल्या शेजारच्या माळावरही आहेत. त्यांची लोकर रानात कुजत असताना केवळ मातीच्या मेंढपाळांपुढे दिवे लावून आपले कर्तव्य संपत नाही. एखाद्या मंडळाने यंदा एका वाड्याची एका कातरणीची लोकर रास्त भावाने विकत घेतली, तरी त्या धाग्याचे एक टोक पुन्हा कोणाच्या तरी हाती येईल.