नोटबुक एका लॅपटॉपवर चालते, दुसऱ्यावर का नाही? ज्युपिटर आणि निक्स

समजा, धरमपेठेत खोली करून राहणाऱ्या विद्यार्थिनीनं नागपूरच्या उन्हाळी तापमानाचा प्रोजेक्ट ज्युपिटर नोटबुकमध्ये केला. सबमिशनच्या दिवशी तीच फाइल कॉलेजच्या कॉम्प्युटरवर उघडली, तर तिसऱ्याच सेलमध्ये लाल अक्षरं! कारण साधं असू शकतं: तिच्याकडे पांडाज 1.5, कॉलेजात 2.0. एप्रिल 2023 मध्ये आलेल्या 2.0 नं डेटाफ्रेमला ओळी जोडणारी 'अपेंड' ही सोयच काढून टाकली.

हे तिच्या एकटीचं दुखणं नाही. 2019 च्या एका अभ्यासात गिटहबवरच्या लाखो नोटबुक पुन्हा चालवून पाहिल्या. विनाचूक चालल्या सुमारे 24 टक्के. मूळचंच उत्तर आलं जेमतेम 4 टक्क्यांत.

निक्स हा पॅकेज मॅनेजर नेमका इथे कामी येतो. एल्को डोल्स्ट्रा यांनी तो नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट विद्यापीठात 2003 साली सुरू केला. 'पिप'ला आपण हे बसव, ते बसव असं सांगत राहतो आणि सहा महिन्यांनी काय काय बसवलं ते आठवत नाही. निक्सला एका फाइलीत लिहून द्यायचं: पायथन, ज्युपिटरलॅब, पांडाज, मॅटप्लॉटलिब. किराण्याची यादीच म्हणा ना. पण नुसती यादी पुरत नाही. पांडाज आजचं की गेल्या वर्षीचं? म्हणून 'फ्लेक' पद्धतीत सोबत लॉक फाइल बनते. पॅकेजसंग्रहाची नेमकी कोणती आवृत्ती वापरली, ते तिच्यात नोंदलेलं असतं. दोन्ही फाइली नोटबुकसोबत द्या. समोरच्यानं 'निक्स डेव्हलप' ही आज्ञा दिली की तीच पॅकेजं मिळतात. प्रत्येक आवृत्ती निक्स-स्टोअरमध्ये वेगळ्या फोल्डरात राहते, त्यामुळे 1.5 आणि 2.0 एकत्र नांदतात.

बहुतेकांची गाडी अडते ती कर्नलपाशी. ज्युपिटरचा पडदा आणि कोड चालवणारा कर्नल वेगवेगळे असतात. होम फोल्डरमध्ये जुन्या कर्नलची नोंद उरली असेल, तर पडदा निक्सचा आणि पायथन जुनंच, असा घोळ होतो. नोटबुकमध्ये 'सिस' मोड्यूलचं 'एक्झिक्युटेबल' छापून बघा. पत्ता निक्स-स्टोअरचा नसेल तर कर्नल बदला. सेलमधून 'पिप इन्स्टॉल' करू नका. स्टोअरमध्ये तसं लिहिताच येत नाही. नवं पॅकेज यादीतच घालायचं.

सेल उलटसुलट क्रमानं चालवले असतील किंवा तापमानाची फाइल सोबत दिलीच नसेल, तर निक्सही काही करू शकत नाही. विंडोजवर ते थेट चालत नाही, डब्ल्यूएसएल लागतं. आणि पहिलं डाउनलोड मोठं असतं, ते मोबाइल डेटावर करू नका.