ठरीव प्रेमकथा आणि आपली शहरे

गेल्या पंधरा वर्षांत हिंदी चित्रपटांत एका विशिष्ट कथेने चांगलेच मूळ धरले आहे. गंगा-यमुनेच्या किंवा चंबळेच्या आसपासचे एखादे मध्यम शहर. कोठेही धड जम न बसलेला मुलगा. त्याच्यापेक्षा चार पावले पुढे असलेली, थोडी फटकळ मुलगी. गच्ची, स्कूटर, मिठाईचे दुकान. धाक दाखवणारे वडील, पोटात माया दडवणारी आई आणि सतत बडबडणारा एक मित्र. मध्यंतरापूर्वी एखादे खोटे बोलले जाते, मध्यंतरानंतर ते फुटते, आणि शेवटी भर मांडवात मुलगा एक लांबलचक भाषण करतो. ते ऐकून वडील विरघळतात आणि वाजंत्री वाजू लागते. शेवट पहिल्या दहा मिनिटांतच कळतो, तरी आपण जागेवरून उठत नाही. आपल्या वाचकांपैकी अनेकांची घरे ग्वाल्हेर, इंदूर, झाशी अशा शहरांत पिढ्यान्‌पिढ्या आहेत, आणि हे चित्रपट याच शहरांत घडतात. तेव्हा त्यांच्याकडे केवळ करमणूक म्हणून पाहून भागणार नाही.

लग्न जमवण्याच्या खटाटोपावर हसण्याची परंपरा आपल्याला नवी नाही. वडोदऱ्यास राहून पाली भाषेचे अध्यापन करणाऱ्या चिं. वि. जोशींनी चिमणराव-गुंड्याभाऊंच्या रूपाने मराठी मध्यमवर्गाला स्वतःवर हसायला शिकवले. त्यांच्या कथेवरून मास्टर विनायकांनी १९४० मध्ये 'लग्न पाहावे करून' हा बोलपट काढला. परंतु आजच्या हिंदी कथेचे खरे मूळ शोधायचे तर १९७६ च्या 'चितचोर'पाशी थांबावे लागते. सुबोध घोष यांच्या बंगाली कथेवर बासू चटर्जींनी तो दिग्दर्शित केला होता. मधुपूर नावाच्या लहान गावात मास्तरांच्या घरी इंजिनिअर येणार म्हणून सारी तयारी होते, आणि गाडीतून उतरतो तो ओव्हरसिअर. घरची मंडळी त्यालाच भावी जावई समजून त्याचा पाहुणचार करतात, गीता त्याच्याकडे गाणे शिकू लागते; आणि मग खरा इंजिनिअर येऊन ठेपतो. ओव्हरसिअर झाले होते अमोल पालेकर आणि इंजिनिअर झाले होते विजयेंद्र घाटगे. (इंदूरकरांना हे सांगायला नकोच, की घाटगे हे तिसऱ्या तुकोजीराव होळकरांचे नातू, मुलीकडून.)

ज्यांनी सरकारी बांधकाम खात्यात काही वर्षे काढली आहेत त्यांना या दोन पदांमधील अंतर किती असते हे ठाऊक आहे. 'चितचोर'चे सामर्थ्य या अंतरात आहे. गीताची आई दुष्ट नाही. मुलगी सुस्थळी पडावी एवढीच तिची इच्छा आहे, आणि 'सुस्थळ' ठरते ते पगार व हुद्दा यांवरून. काल ज्याला आग्रहाने वाढले त्याच्याकडे आज पाठ फिरवताना त्या घराला जे अवघडलेपण येते, ते आपल्यापैकी किती घरांनी अनुभवले असेल! तेथे अडचण खरी होती, म्हणून हसूही खरे होते. याच कथेवरून २००३ मध्ये 'मैं प्रेम की दीवानी हूँ' निघाला. त्यातील सुंदरनगर हे गाव चित्रित झाले न्यूझीलंडमध्ये. मधल्या काळात काय घडले होते हे एवढ्यावरून समजावे.

मधल्या काळात हिंदी चित्रपटाने लहान शहरांकडे बव्हंशी पाठ फिरवली होती. महानगरांतील मल्टिप्लेक्सचा आणि परदेशस्थ भारतीयांचा पैसा येऊ लागला, आणि नायक लंडनमध्ये व स्वित्झर्लंडच्या बर्फात रमू लागला. पुढे लहान शहरांतूनच आलेले लेखक मुंबईत स्थिरावले आणि त्यांनी आपापल्या गल्ल्यांची बोली पडद्यावर आणली. २०११ चा 'तनु वेड्स मनु' कानपूरला गेला आणि ती वाट रुळली. उत्तर प्रदेश सरकारने राज्यात चित्रीकरण करणाऱ्यांस अनुदान देण्याचे धोरण ठेवले, मध्य प्रदेशानेही २०२० मध्ये चित्रपट-पर्यटन धोरण जाहीर केले. कोणत्या गल्लीत कोणाचे प्रेम जमते हे पुष्कळदा शासन निर्णयावरही अवलंबून असते.

या चित्रपटांचे आकर्षण मात्र अनुदानातून आलेले नाही. त्यांत घर आहे. एकाच न्हाणीघरासाठी सकाळी लागणारी रांग, दोन खोल्यांत सामावलेल्या तीन पिढ्या, नवविवाहितांना न मिळणारा एकांत, आत्याने मारलेला टोमणा, हे सारे आपण भोगलेले आहे. २०१५ चा 'दम लगा के हैशा' हा मला या मालिकेतील सर्वांत सकस चित्रपट वाटतो. काळ १९९५, स्थळ हरिद्वार. शाळेतच अडखळलेला, कॅसेटचे दुकान चालवणारा प्रेम आणि शिक्षिका होऊ पाहणारी, देहाने स्थूल असलेली संध्या यांचे लग्न घरच्यांनी उरकून दिलेले आहे. प्रेम जमायचे ते नंतर. तिचे शिक्षण या घराला हवे आहे, कारण त्यातून पगार येईल. ती मात्र कोणालाच नको आहे. इतके कठोर सत्य हसत-हसत सांगणे सोपे नाही. या मालिकेतल्या नायिका बहुधा कमावत्या आहेत, हेही नोंदले पाहिजे. 'बरेली की बर्फी' (२०१७) मधील बिट्टी वीज खात्यात तक्रारी ऐकते, तर 'बद्रीनाथ की दुल्हनिया' (२०१७) मधील वैदेही नोकरीसाठी मांडव सोडून निघून जाते. आपल्या आयांच्या पिढीच्या नायिकेस हे सुचले नसते.

उणीव आहे ती अडचणीच्या निवडीत. २०१९ चा 'लुका छुपी' घ्या. दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर मराठी, नायक कार्तिक आर्यन ग्वाल्हेरचाच, आणि कथा मथुरा व ग्वाल्हेर येथे घडणारी. लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्या तरुण-तरुणींच्या तोंडाला काळे फासणारी एक संघटना तीत आहे, आणि तिचा म्होरक्या नायिकेचा बापच आहे. आरंभ इतका धीट! पण लवकरच दोन्ही घरे असे धरून चालतात, की मुलांचे लग्न झालेलेच आहे; आणि उरलेला चित्रपट मुले चोरून सप्तपदी कशी घालतात या लपंडावात संपतो. मुलगा शुक्ला, मुलगी त्रिवेदी. जातीचा काटा आधीच काढून ठेवलेला. नायकाचा मित्र अब्बास सर्वांना हसवतो, पण नायक तोच असता तर ही कथा इतकी खेळीमेळीने मांडवापर्यंत पोचली असती काय? १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचे तर तीस दिवसांची नोटीस कार्यालयात दर्शनी जागी लावावी लागते. सरकारी सेवेत असताना त्या फलकापुढे उभे राहून नावे-पत्ते टिपून घेणारे लोक मी पाहिले आहेत. ते कोणाचे नातेवाईक नव्हते. त्या तीस दिवसांत मुलीच्या घरी जे घडते त्यावर विनोद करायला फार मोठी प्रतिभा लागेल.

नागराज मंजुळे यांनी 'सैराट'मध्ये (२०१६) विनोदाचा मार्ग सोडून दिला. त्या चित्रपटाचा पूर्वार्ध ठरीव प्रेमकथेप्रमाणेच चालतो. विहीर, क्रिकेटचा सामना, बुलेटवरून येणारी मुलगी. प्रेक्षक हसतात, नाचतात. पाटलाची मुलगी आणि मासेमारी करणाऱ्याचा मुलगा पळून जातात ते हैदराबादेस. तेथे ती दोघे घामाच्या पैशावर संसार उभारतात, आणि त्याच घरात त्यांचा शेवट होतो. २०१८ मध्ये हीच कथा 'धडक' या नावाने हिंदीत उदयपूरला नेली गेली, तेव्हा जातीचा प्रश्न इतका पुसट झाला की नेमका कशासाठी एवढा संताप, हे प्रेक्षकाला शोधावे लागते.

उतेकरांचाच नंतरचा एक चित्रपट 'जरा हटके जरा बचके' (२०२३) इंदूरचा आहे. कपिल दुबे आणि सौम्या चावला यांना एकत्र कुटुंबात खोली उरत नाही. सरकारी योजनेतून सदनिका मिळावी, घटस्फोटित स्त्री म्हणून तिचा अर्ज मान्य व्हावा यासाठी ती दोघे घटस्फोट घेतात. कल्पना फर्मास आहे. परस्पर संमतीने घटस्फोट घ्यायचा तर एक वर्ष वेगळे राहिल्याचे न्यायालयाला सांगावे लागते, आणि अर्जानंतर सहा महिने थांबावे लागते (२०१७ पासून न्यायालय ही मुदत माफ करू शकते), एवढा तपशील विनोदासाठी सोडून देऊ. परंतु घर न मिळण्याची जी खरी विवंचना या चित्रपटाने हाती घेतली होती, तीही शेवटी गैरसमज आणि अश्रू यांतच मिटते.

आता शहराविषयी. 'बरेली की बर्फी'ची प्रेरणा पॅरिसमध्ये घडणारी एक कादंबरी आहे, आणि चित्रीकरण मुख्यतः लखनौचे. म्हणजे बरेली उरली ती नावातच. झाशी असो, मथुरा असो की इंदूर, माणसे एकाच घडीव बोलीत बोलतात. शुक्ला, त्रिवेदी, दुबे, चावला. या यादीत आपली नावे येत नाहीत. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये ग्वाल्हेरला तळ दिला तेव्हापासून लष्करात नांदणारी, घरात मराठी व दारात हिंदी बोलणारी कुटुंबे त्या कथेच्या बाहेर राहतात. याचा राग मानण्यात अर्थ नाही. पण आपली मुले आता पुण्या-बंगळुरास स्थायिक झाली आहेत, वाडे विकले जात आहेत, आणि नातवंडांना ग्वाल्हेर ठाऊक होणार आहे ते बव्हंशी अशा चित्रपटांतूनच. 'लुका छुपी'तील जोडपे एकत्र राहायला ग्वाल्हेर का निवडते? तेथे आपल्याला ओळखणारे कोणी भेटणार नाही म्हणून. ज्या लष्करात आडनाव सांगताच समोरचा माणूस आजोबांच्या हुद्द्यापासून आत्याच्या सासरापर्यंत सारे सांगू लागे, त्याच ग्वाल्हेरला ही भूमिका मिळाली आहे.