गोंगाटातून घडवलेला ताल

जुन्या रेडिओची सुई दोन केंद्रांच्या मध्ये थांबली, की सलग ‘स्स्स’ असा आवाज येत असे. त्या आवाजात सर्व वारंवारतांचे ध्वनी मिसळलेले असतात. पांढऱ्या प्रकाशात सगळे रंग असतात, त्यावरून असल्या आवाजाला ‘पांढरा गोंगाट’ असे नाव पडले. हा गोंगाट सेकंदाच्या विसाव्या भागापुरता चालू करून झटकन मिटवला, तर तो कानाला झांजेच्या टोल्यासारखा भासतो. त्यातल्या थोड्या खालच्या वारंवारता राखून तो जरा रेंगाळू दिला, तर ताशावर काडी पडल्यासारखे वाटते.

१९७७ साली जर्मनीतील म्युनिक शहरात अशा तुकड्यांतून एका पूर्ण गाण्याचा ताल रचला गेला. डोना समर या अमेरिकन गायिकेने गायलेले ते गाणे म्हणजे ‘आय फील लव्ह’. त्याचे निर्माते होते जॉर्जो मोरोडर आणि पीट बेलॉट. त्याच वर्षी जुलैमध्ये ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोचले. आज त्याचा उल्लेख ‘यंत्राने केलेले गाणे’ असा होतो. ते कसे घडले हे पाहिले, तर मात्र हे वर्णन अर्धेच खरे ठरते.

यंत्र होते रॉबर्ट मूग यांचे. १९६४ साली त्यांनी अमेरिकेत आपल्या सिंथेसायझरचे पहिले नमुने लोकांपुढे मांडले. हे यंत्र म्हणजे खणाखणांचे कपाटच. एक खण कंप निर्माण करतो, दुसरा गोंगाट देतो, तिसरा नको त्या वारंवारता गाळतो, चौथा आवाज किती वेगाने चढावा आणि विरावा हे ठरवतो. जुन्या टेलिफोन एक्स्चेंजप्रमाणे तारा जोडून हे खण एकमेकांशी बोलते करायचे. हुकूम विद्युतदाबाचा. दाब एक व्होल्टने वाढवला की सूर एक सप्तक वर जातो. म्हणजे एका अर्धस्वराला सुमारे ८३ मिलिव्होल्ट. या मापात मोठी सोय आहे. एखादी स्वरावली यंत्रात बसवल्यावर तिच्यात ठराविक दाब मिळवला, की अख्खी स्वरावली जशीच्या तशी वरच्या पट्टीत सरकते. मूग यांच्या सिक्वेन्सरमध्ये आठ-आठ घरांच्या तीन ओळी असत. एवढ्याशा आवर्तनातून सहा मिनिटांचे गाणे उभे करायचे, तर हे सरकवणे अपरिहार्यच.

हे यंत्र आपल्याकडेही आले होते, हे फारसे कोणाला ठाऊक नाही. १९६९ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझर बसवला गेला आणि पुढची तीनेक वर्षे भारतीय रचनाकारांनी त्यावर काम केले. त्या फिती कपाटात पडून राहिल्या. त्यांतील निवडक रचना प्रकाशित व्हायला २०२३ साल उजाडले.

गोंगाटातून झांज निघते, मग तबला का निघत नाही? साध्या गोल पडद्यावर थाप मारली, तर मूळ वारंवारतेच्या १.५९, २.१४ अशा बेहिशेबी पटीत इतर कंप उठतात; कानाला त्यात स्पष्ट सूर सापडत नाही. तबल्याच्या आणि मृदंगाच्या शाईमुळे मात्र या पटी पूर्णांकांच्या जवळ येतात, असे सी. व्ही. रामन यांनी १९२० साली दाखवले. झांजेत इतके विसंगत कंप एकत्र असतात, की गोंगाट तिची जागा सहज घेतो. सुरात लावलेल्या चामड्याची जागा तो घेऊ शकत नाही.

म्युनिकमधली खरी अडचण होती वेळेची. मूगमधून एका वेळी एकच सूर निघे. म्हणून एकेक भाग वेगळा वाजवून सोळा ट्रॅकच्या फितीवर शेजारी-शेजारी नोंदवायचा. समजा, मिनिटाला १२० मात्रांची लय आहे. मग मात्रेचा चौथा भाग एक अष्टमांश सेकंदाचा. दोन वेळच्या वाजवण्यांत हजारात एक इतकाच फरक पडला, तरी सहा मिनिटांत तो ०.३६ सेकंदावर जातो, म्हणजे जवळजवळ पाऊण मात्रा. झांज एकीकडे, खर्जाची स्वरावली दुसरीकडे! मूग यंत्र ज्यांचे होते, त्या एबरहार्ड शोनर यांचे साहाय्यक रॉबी वेडेल यांनी उपाय केला. फितीचा एक ट्रॅक केवळ स्पंदांसाठी राखला. पुढचा प्रत्येक भाग वाजवताना यंत्राचे घड्याळ त्या स्पंदांवर चाले. फीत किंचित हळू झाली तर सगळेच मिळून हळू होणार, मग बिघडणार काय? मला या साऱ्या हकिगतीत ही साधी युक्ती सर्वांत मोठी वाटते.

दुसरी कटकट सुराची. दाबाचे सूरात रूपांतर ट्रान्झिस्टरच्या घातांकी गुणधर्मावर चालते आणि तो गुणधर्म तापमानावर अवलंबून असतो. भरपाई केली नाही, तर दर अंशाला सुमारे तीनशेवा भाग फरक पडतो. यंत्र तापले की सूर सरकला. थोडे वाजवायचे, थांबायचे, सूर लावायचा, पुन्हा वाजवायचे, असे तुकडे जोडत खर्जाची स्वरावली पुरी झाली. तालाचे तुकडे या जाचातून सुटले. गोंगाटाला मुळात सूरच नाही, तो बेसूर होणार कसा?

शेवटी उरला तळातला मोठा ढोल, पायाने पेडल दाबून वाजवतात तो. उतरत्या सुराचा कंप झटकन मिटवून तसा आवाज काढता येतो, पण मूगमधून हवा तेवढा धक्का काही केल्या निघेना. ढोलाचे काम करणारी विजेची तालयंत्रे पुढे आली. रोलँड कंपनीचे टी-आर ८०८ हे १९८० चे. मोरोडर यांच्यापुढे तो मार्ग नव्हता. त्यांनी कीथ फोर्सी या तालवादकाला बसवले. ‘यंत्राच्या’ त्या गाण्यात तळातला प्रत्येक ठोका या माणसाच्या पायाचा आहे.