सुतळीने मोजलेला पट्टा

ही १९८४ सालची गोष्ट. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात माझ्या मामूंची मासेमारीची होडी होती. तिच्या लहानशा डिझेल इंजिनावर एक रबरी पट्टा होता. इंजिन थंड ठेवणारा पाण्याचा पंप त्या पट्ट्यावर फिरे. एका सकाळी तो तुटला. त्यावरचा क्रमांक कधीच पुसला गेला होता. मामू म्हणाले, "जा, बाजारातून असाच घेऊन ये." मी शहाणपणा केला. तुटका पट्टा होडीतच ठेवला, सुतळीने लांबी मोजली आणि तेवढा पट्टा आणला. निघायची घाई होती. मामूंनी तो चढवला आणि आम्ही निघालो.

या पट्ट्याला इतिहास आहे. पूर्वी कारखान्यांत चामड्याचे सपाट पट्टे असत. मुंबईत कावसजी दावर यांची कापडगिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. त्या काळच्या गिरण्यांत एकाच वाफेच्या इंजिनाची ताकद लांब दांड्यावरून आणि पट्ट्यांवरून प्रत्येक यंत्रापर्यंत पोचे. अशा पट्ट्याला रुंद चाक आणि ऐसपैस जागा लागे. मोटारीच्या इंजिनात ती कुठून मिळणार? १९१७ मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात जॉन गेट्स यांनी रबर आणि धाग्यांचा, इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखा पट्टा तयार केला. पाचरीसारखा तो पुलीच्या खाचेत घट्ट रुततो. त्याची पकड दोन्ही बाजूंची असते, तळाची नसते.

१९५०च्या दशकात आपल्या किनाऱ्यांवर होड्यांना इंजिने बसू लागली. केरळात मच्छीमारीच्या सुधारणेसाठी भारत-नॉर्वे करार झाला तो १९५२ मध्ये. शिडाच्या दोरीवर वाढलेल्या हातांना आता पाने आणि पट्टे ओळखावे लागले.

या पट्ट्यांच्या जाती असतात. 'ए' जातीचा पट्टा वरच्या बाजूला १३ मिलिमीटर रुंद, 'बी' जातीचा १७. आमच्या पुलीची खाच 'बी'ची होती आणि मी आणला होता 'ए'. लांबी बरोबर, म्हणून तो चढला. पण खाचेच्या तळाला जाऊन टेकला. बाजूंना पकडच नव्हती.

किनारा दिसेनासा झाल्यावर रबर जळल्याचा वास आला. पट्टा घसरत होता, पंप थांबला होता, इंजिन तापले होते. मामूंनी ते बंद केले आणि शीड उभारले. इंजिन आले तरी त्यांनी शीड टाकून दिले नव्हते. दुपारचा पश्चिमेचा वारा मिळाला आणि मगरिबच्या अजानला आम्ही बंदरात पोचलो.

मामू मला रागावले नाहीत. त्यांनी तुटका पट्टा आणि नवा पट्टा शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणाले, "लांबी मोजलीस बेटा, रुंदी कोण मोजणार?"

दुसऱ्या दिवशी मी बाजारात गेलो तो तुटका तुकडा हातात घेऊन.